मध्यम-पंचमामधली फट

श्रोतेहो, बासरीतली गायकी, म्हणजे गळ्यासारखे वाजवणे, म्हटले की बहुतेकांच्या मनात मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड सरकणे, येते. स्वर घसरत नेला की गायकी झाली, हा समज मला अपुरा वाटतो. मींड तर हवीच. परंतु बासरीच्या रचनेत तिला एक अडसर आहे, आणि बासरीवादक पन्नालाल घोष यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर आधी तो अडसर पाहावा लागतो.

सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकून षड्ज निघतो. तिथून एकेक बोट उचलत ऋषभ, गंधार आणि पहिले छिद्र अर्धे उघडून शुद्ध मध्यम मिळतो. सर्व छिद्रे मोकळी झाली की तीव्र, म्हणजे चढा, मध्यम. पंचमासाठी मात्र सहाही छिद्रे एकदम झाकून फुंकेचा जोर वाढवावा लागतो. गळ्याला जे अंतर सहज ओलांडता येते, तिथे बासरीत सहा बोटे एकाच क्षणी पडतात आणि स्वरांचे सातत्य तुटून फट पडते. १९११ साली बारिसाल येथे जन्मलेल्या पन्नालालजींनी लांब, रुंद पोकळीची बासरी रूढ केली आणि तिला खाली सातवे छिद्र दिले. करंगळीने ते झाकले की मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, तीव्र मध्यम मिळतो. जोर वाढवला की तोच मध्य सप्तकात येतो, आणि करंगळी हळूहळू उचलत पंचमापर्यंत अखंड जाता येते. फट त्यामुळे नाहीशी होत नाही, गंधार आणि मध्यम यांच्यामध्ये सरकते, म्हणून तीव्र मध्यमाचा यमन राग वाजवणाऱ्याला कोणत्या स्वरसंगतीत कोणता तीव्र मध्यम, सगळी छिद्रे मोकळी ठेवून की झाकून, घ्यायचा हे आधीच ठरवावे लागते.

ही झाली बोटांची बाजू. त्याहून अवघड बाब शब्दांची आहे, कारण बासरीला अक्षर उच्चारता येत नाही. एकाच गंधारावर बंदिशीची, म्हणजे रागात बांधलेल्या गीताची, दोन अक्षरे आली तर गायक व्यंजनाने ती वेगळी करतो. वादकाने दर वेळी जिभेचा आघात केला तर ओळ ठोकळ्यांसारखी होते, म्हणून तो लगतच्या छिद्रावर बोट निसटते टेकवून कणस्वराने, म्हणजे निसटत्या स्पर्शस्वराने, दुसरे अक्षर सुचवतो आणि फुंक तोडत नाही. श्वासही शब्द संपेल तिथेच घ्यायचा. बंदिश ज्याला मुखोद्गत नाही, त्याचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो खरा, पण अक्षरांचे वजन कुठे पडले ते कळत नाही.

पन्नालालजींनी १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे, म्हणजे सरोद या तंतुवाद्याच्या वादकाकडे, तालीम घेतली, आणि तरीही विलंबित ख्यालाचा, म्हणजे संथ लयीतल्या गायनप्रकाराचा, विस्तार हाच त्यांच्या वादनाचा कणा राहिला, याचे मला नेहमी नवल वाटते. त्याच परंपरेतल्या अन्नपूर्णादेवींकडे शिकलेल्या बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांनी आलाप, जोड आणि झाला या वाद्यवादनाच्या टप्प्यांत जिभेच्या आघातांचा मनमुराद उपयोग केला. तो दोष मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे आदर्श तंतुवाद्याचा आहे, आणि जोडातली लय आघातांवाचून उभीच राहत नाही.