घरकामाचा हिशोब

जिल्हा न्यायालयाच्या आवारात ‘क्लेमची केस’ हे शब्द सतत कानावर पडतात. रस्त्यावर घरचं माणूस गेलं किंवा कायमचं अधू झालं, की भरपाई मागायची ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. हा दावा नेहमीच्या दिवाणी कोर्टात चालत नाही. अपघात पुण्याजवळ झाला असला, तरी लातूरचं कुटुंब लातुरात दावा लावू शकतं. हातावर पोट असलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

फायलीत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याची पॉलिसी. आणि मग गणित.

समजा, ३२ वर्षांचा रिक्षाचालक गेला. महिन्याची कमाई १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. पुढे कमाई वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के भर. मागे बायको, आई, दोन मुलं. म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले १ लाख ८९ हजार. त्याच्या वयाला गुणक १६, म्हणजे या रकमेची सोळा पट. झाले ३० लाख २४ हजार. अंत्यविधीचा खर्च वगैरे वेगळा. हे गणित सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलं, म्हणजे सारख्या दोन घरांना जमीन-अस्मानाची तफावत सोसावी लागू नये.

पण गेलेली बाई घर सांभाळणारी असेल तर? पगाराची पावती कुठून आणणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात तिचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलं होतं. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री सासूच्या औषधापर्यंत राबणाऱ्या बाईचा हा सरळ अपमान होता.

जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका अपघाताच्या खटल्यात या कष्टांची बाजू घेतली. सरकारी पाहणीचा आकडाच निकालात आला: घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. गृहिणीचं उत्पन्न मानायचं, आणि त्यात भविष्यातली वाढही धरायची, हे न्यायालयाने मान्य केलं.

म्हणून अशा दाव्यात साक्ष देताना ‘ती घरीच असायची’ एवढ्यावर थांबू नका. स्वयंपाक, शेतातली मदत, मुलांचा अभ्यास, आजारपणं, सगळं वकिलांना सांगा आणि प्रतिज्ञापत्रात लिहून घ्या.