देवकुंड: पाऊस ओसरल्यावर

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसात. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला एका अंगणात चूल पेटली आहे. मावशी आधी जेवणाचं विचारून घेतात. "किती जणं आहात? तांदळाची भाकरी चालेल ना?" देवकुंडाच्या धबधब्याला जाणाऱ्यानं जेवण सांगून निघायचं. परत येईस्तोवर दुपार होतेच.

वाट सोपी आहे. दमादमानं गेलं तर दोन-अडीच तास. सुरुवातीचा बराचसा रस्ता सपाट, भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं.

या पाण्याजवळ घटकाभर थांबू या. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. ते होऊ नये म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच. एरवी मुळेतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेला गेलं असतं ते पाणी नळांतून कोकणात उतरवलं गेलं आणि १९२७ पासून भिऱ्याचं टाटांचं वीजघर त्यावर चालतं. वीज करून झालेलं पाणी या तळ्यात साठतं, मग कुंडलिकेत सुटतं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. इतकं शांत दिसणारं तळं, पण त्याच्यामागे वरच्या धरणात बुडालेल्या कितीतरी गावांची गोष्ट आहे असं मला इथून जाताना दर वेळी वाटतं.

तळं मागे पडलं की झाडी सुरू होते. ऊन तुटक होतं, पायाखाली दगडगोटे येतात. मग ओढा लागतो. आज पाणी घोट्याएवढं. बरोबरचा वाटाड्या दादा काही न बोलता वर बोट दाखवतो. डोक्याच्याही वर, उंबराच्या फांदीला वाळलेलं गवत आणि काटक्या अडकल्या आहेत. जुलैमध्ये ओढा तिथून वाहत होता.

ताम्हिणीच्या या पट्ट्यात पाऊस किती पडावा? जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला. असा पाऊस वर माथ्यावर झाला की खाली ओढे बघता बघता चढतात आणि कुंडाशी गेलेली माणसं पलीकडेच अडकतात. इथे बुडून जीव गेले आहेत. म्हणून पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं. बंदी चुकवून आडवाटेनं आत शिरणारे आजही आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, ही फांदी एकदा बघून या.

शेवटचा टप्पा मोठाल्या दगडांतून चढायचा. आवाज आधी येतो, मग गारवा. आणि एकदम समोर काळ्या कातळाची उभी भिंत, तिच्यावरून सरळ खाली येणारी पांढरी धार, आणि पायथ्याशी हिरवं-निळं कुंड. सह्याद्रीचा हा कातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. वरून पडणाऱ्या पाण्यानं वर्षानुवर्षं खालचा थर कोरला आणि हा डोह तयार झाला.

अर्ध्या कुंडावर ऊन आहे, अर्ध्यावर सावली. शेवाळलेल्या दगडावरून बसूनच उतरायचं. पाय टाकला की गारठा पोटरीतून वर चढतो. छातीपर्यंत पाणी आलं की श्वास अडतो, आणि मग शरीर सैलावतं. पाठीवर तरंगत वर पाहिलं की भिंतींच्या मधोमध आभाळाचा एक तुकडा उरतो. मी आजवर जिथे जिथे पोहलो, त्यात ही जागा मला सगळ्यात प्रिय आहे.

दादाची नजर सतत आमच्यावर. "काठाकाठानं पोहा. धारेखाली जाऊ नका." कारण साधं आहे. धार पडते तिथलं पाणी फेसाळ, हवेनं भरलेलं असतं. ते माणसाला पेलत नाही, पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. पोहता येत नसेल तर काठावरच्या दगडावर पाय सोडून बसावं, तिथेही तुषार अंगावर येतात.

कुंडातून पाणी खाली झाडीत उतरतं, तळ्याला मिळतं, कुंडलिका होतं, रोह्यावरून रेवदंड्याला समुद्रात जातं.

आम्ही परतलो तेव्हा दोन वाजले होते. केस अजून ओले. अंगणात पानं मांडलेली. मावशींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "पाणी अजून पडतंय ना बऱ्यापैकी?"

"पडतंय, मावशी."

"मग दिवाळीनंतरही या," म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.