घंटा होईपर्यंत बसायचं

या व्याख्यानाची तयारी मी तीन आठवडे पुढे ढकलत होतो, हे आधीच सांगून टाकतो. फाईल उघडायची, शीर्षक लिहायचं, अक्षरांचा आकार बदलून बघायचा आणि नेमकं तेव्हाच आठवायचं की टेबलाचा खालचा खण कधीचा आवरलेला नाही. खण आता लखलखीत आहे.

याला आपण आळस म्हणतो, पण आळशी माणूस खण आवरत नाही, तो निवांत पडून राहतो. फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीत असतं. काम समोर आलं की पोटात गोळा येतो; ते बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. चटक लागते ती त्या हलकेपणाची.

१९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो हा इटलीतला विद्यार्थी असाच अडकला होता. त्याने स्वतःशी पैज लावली: दहा मिनिटं तरी खरोखर अभ्यास करून दाखव. वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, यातून त्याने घडवलेल्या काम करण्याच्या पद्धतीचं नाव तेच पडलं. पहिली पैज तो हरला, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. पुढे हिशेब ठरला: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

२५ या आकड्यात जादू नाही. तुम्हाला १० झेपत असतील तर १० लावा. खरी गंमत आपण स्वतःशी काय कबूल करतो यात आहे. ‘आज प्रकरण संपवतो’ हा शब्द पाळणं पुष्कळदा आपल्या हातात नसतं. ‘घंटा होईपर्यंत खुर्चीतून उठत नाही’ हे मात्र असतं.

मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, शेजारी कोरा कागद घेतला आणि टायमर फिरवलं. चौथ्या मिनिटाला विजेचं बिल आठवलं. उठलो नाही, कागदावर ‘बिल’ लिहिलं. मग ‘मावशीला फोन’. मग ‘बल्ब’. डोक्यात आलेलं टिपायचं आणि पुन्हा कामाला लागायचं, हेही चिरिलोच्याच पद्धतीत आहे. चौदाव्या मिनिटाला पहिलं वाक्य उतरलं. भिकार होतं, पण होतं.

विश्रांतीत मात्र फोन नको. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. पाच मिनिटांत तीन जणांचे निरोप वाचले, तर पुढच्या फेरीला ते तिघेही तुमच्याबरोबर बसतात. उठा, पाणी प्या, खिडकीशी उभे राहा.

हमखास विचारलं जातं: हात चालायला लागला आणि घंटा वाजली तर? चिरिलो म्हणेल, थांबा. मी थांबत नाही, निदान तासभर तरी. माझं घोडं अडतं ते सुरुवातीला. एकदा चालू लागलं की लगाम कशाला खेचायचा? पण दिवसाची शेवटची घंटा मी पाळतो, अगदी वाक्याच्या मध्यावर असलो तरी. परवा ‘म्हणून’ या शब्दावर पेन ठेवलं. सकाळी खणाकडे लक्षच गेलं नाही. त्या ‘म्हणून’च्या पुढे काय, तेच डोक्यात होतं.