मूल आपल्या घरी असते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात परदेशी पाहुणे येतात ते बहुधा दीक्षाभूमीला किंवा इथून पुढे ताडोबाच्या जंगलात जाण्यासाठी. पण त्यांत एखादे जोडपे असेही असते, जे शहरातल्या एखाद्या बालसंस्थेत राहणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला भेटायला आलेले असते आणि पुढे कायद्याने त्याचे आईवडील होणार असते. या पहिल्या भेटीची तयारी मुलाकडून आणि पालकांकडून करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. ही भेट नीट झाली तर पुढची पुष्कळ वर्षे सोपी जातात आणि घाईत उरकली तर तिचा भार मुलालाच वाहावा लागतो, म्हणून आज मी फक्त तिच्याविषयी बोलणार आहे.

परदेशी जोडपे येते, संस्थेत फिरून एखादे गोंडस मूल निवडते आणि घेऊन जाते, असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे. तसे होत नाही, आणि होऊ नये म्हणूनच नियम झाले. भारतीय मुले परदेशी पालकांना देताना होणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि 1984 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालातून आंतरदेशीय दत्तकाची शिस्त आपल्याकडे सुरू झाली. पुढे आंतरदेशीय दत्तकाविषयीचा 1993 चा आंतरराष्ट्रीय हेग करार आला आणि 2003 मध्ये भारत त्यात सहभागी झाला. मुलाला स्वतःच्या देशात कुटुंब मिळत नसेल तरच त्याचा परदेशात विचार करावा, हे या साऱ्याचे मूळ तत्त्व आहे. त्यामुळे परदेशी पालकांकडे जाणारी मुले पुष्कळदा वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा दीर्घ उपचारांची गरज असलेली असतात. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करावे लागते, पालकांच्या देशात त्यांच्या घराची आणि त्यांची स्वतःची पाहणी व्हावी लागते, आणि केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संगणकीय व्यवस्थेतूनच मुलाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते. भेटीच्या दिवसापर्यंत पालकांनी मुलाचे वजन, उंची, लसी, आजारपणे, सवयी हे सारे कागदावर वाचलेले असते. मुलाने मात्र त्यांच्याविषयी काहीही वाचलेले नसते.

आता माझा मुख्य मुद्दा सांगते. या दोघांच्या आयुष्यात हाच काय तो थोडा काळ असा असतो, की मूल आपल्या ओळखीच्या घरात असते आणि आईवडील परक्या देशात असतात. विमान उडाले की हे कायमचे उलटे होते. भाषा त्यांची, हवा त्यांची, अन्न त्यांचे, आणि परके कोण, तर मूल. म्हणून नागपुरातले दिवस मुलाच्या जागेत, मुलाच्या वेळापत्रकाने आणि मुलाच्या भाषेत जावेत, असा माझा आग्रह आहे. कित्येक पालक दत्तकाचा अंतिम आदेश हाती आल्यावर एकदाच येतात, पहिल्या दिवशी भेटतात, दुसऱ्या दिवशी मुलाला हॉटेलवर नेतात आणि व्हिसाच्या कामासाठी लगेच शहर सोडतात. त्यांच्या नोकऱ्या, रजा, खर्च हे सारे मला समजते, तरीही ही पद्धत मला पटत नाही. ‘कारा’चे ना-हरकत पत्र मिळाल्यानंतर, अंतिम आदेश येईपर्यंत, हमीपत्र देऊन मुलाला भारतातच दत्तकपूर्व सांभाळासाठी घेण्याची सोय नियमांत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी तिचा उपयोग करावा आणि त्या दिवसांतही संस्थेत रोज यावे.

चांगली भेट कशी असते, याचे एक उदाहरण देते. इटलीहून आलेल्या एका आईने पहिले काही दिवस मुलीला उचलून घेतलेच नाही. मुलीला संस्थेतल्या ज्या सांभाळणाऱ्या मावशी जेवू घालत, त्यांच्या शेजारी ती मांडी घालून बसे आणि वरणभात किती मऊ कालवायचा, तूप केव्हा घालायचे, लिंबू किती पिळायचे हे पाहत असे. मग एक दिवस वाटी तिच्या हातात आली आणि घास मावशींच्या हातात राहिला. पुढे घासही तिच्या हातात आला, मावशी मात्र शेजारीच बसून होत्या. मुलीने सारे पाहिले आणि मावशींनी मान्य केलेल्या बाईंना तिनेही मान्य केले. या साऱ्यात मावशींचा वाटा आईइतकाच मोठा आहे. ज्या बाईने रात्री ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिच्याच हातून मूल नव्या आईकडे गेले पाहिजे. कार्यालयात टेबलापलीकडून, सह्या होत असताना ते हवाली केले जाऊ नये.

लहान वाटणाऱ्या काही गोष्टी फार मोठ्या असतात. संस्थेतले मूल बहुधा मोठ्या खोलीत इतर मुलांबरोबर झोपलेले असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्या कानाला रात्रभर कूलरच्या घरघरीची सवय असते. हॉटेलच्या थंड, निःशब्द खोलीत त्याला जाग येते तेव्हा त्या शांततेचीच त्याला भीती वाटते. पालकांनी पंखा चालू ठेवावा, मंद दिवा ठेवावा आणि त्याला आपल्याजवळ झोपवावे. दुसरी गोष्ट जुन्या कपड्यांची. निरोपाच्या दिवशी संस्था हौसेने नवे कपडे घालते, पालकही पेटी भरून नवे कपडे आणतात. मी मात्र त्यांना मुलाची वापरातली चादर किंवा उशीचा अभ्रा मागून घ्यायला आणि तो लगेच न धुता बरोबर ठेवायला सांगते, कारण त्या कापडाला त्याच्या घराचा वास असतो.

पहिल्या भेटीत मूल रडले, मावशींच्या मागे लपले, तर पालक खचतात. आपण त्याला आवडलो नाही, असे त्यांना वाटते. त्यांना मी आवर्जून सांगते की माणूस सुटण्याच्या भीतीने रडणारे मूल माणसाला धरून राहायला शिकलेले असते, आणि जे एकावर जडते ते पुढे दुसऱ्यावरही जडू शकते. आईपासून किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून तुटलेल्या मुलाचे दुःख किती खोल असते, हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेला दिलेल्या अहवालात मांडले होते. 1989 नंतर रुमानियातल्या अत्यंत वाईट स्थितीतील अनाथगृहांतून इंग्लंडला दत्तक गेलेल्या मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत नवे घर मिळालेली मुले बहुतांशी सावरली, त्याहून अधिक काळ तिथे काढलेल्या अनेकांच्या अडचणी मात्र टिकून राहिल्या, आणि कोणाही अनोळखी माणसाबरोबर सहज निघून जाणे ही त्यांतली एक होती. म्हणून पहिल्याच मिनिटाला पालकांच्या गळ्यात पडणारे मूल पाहून सारे आनंदतात तेव्हा मी थोडी सावध होते आणि त्या मुलाला अधिक वेळ द्यावा, असे सुचवते.

भाषेचेही असेच आहे. कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्सला दत्तक गेलेल्या प्रौढांची फ्रेंच संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा त्यांना कोरियन भाषा ओळखताही येत नव्हती, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. पण 2014 साली माँट्रियलमधील अभ्यासात चीनमधून लहानपणी दत्तक आलेल्या, चिनी अजिबात न येणाऱ्या मुलींचे मेंदू चिनी भाषेतल्या सुरांच्या चढउतारांना चिनी भाषकांसारखाच प्रतिसाद देताना आढळले. आपल्या मुलांची मराठी बहुधा जाईल, हे मान्य करूनही मी पालकांना सांगते, की ‘भूक लागली’, ‘दुखतंय’, ‘शू आली’, ‘भीती वाटते’, ‘मावशी कुठे आहे’ एवढे तरी शिकून या. पहिल्या महिन्यात मूल हेच बोलणार असते, आणि ते समजणारे दुसरे कोणी त्या गावात नसते. मावशींच्या आवाजातली अंगाई आणि जेवतानाचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून न्यावे, हेही मी सांगते.

परदेशात स्थायिक झालेली आपली मराठी जोडपीही नागपुरात मूल भेटायला येतात. अनिवासी भारतीयांना मुलाच्या बाबतीत देशातल्या पालकांबरोबरचा प्राधान्यक्रम आहे. त्यांना भाषेची अडचण नसते, पण नातेवाइकांची असते. आजी, आत्या, मामा, मावश्या सारे पेढे, कपडे आणि चांदीचे वाळे घेऊन पहिल्याच दिवशी निघतात. त्यांची माया खरी आहे, यात मला शंका नाही. तरी इतके नवे चेहरे एकाच वेळी पाहून मूल घाबरते आणि यांतले आपले दोन नेमके कोणते, हे त्याला कळत नाही. आजी-आजोबांनो, पहिले काही दिवस आपण घरीच थांबावे, अशी मी हात जोडून विनंती करते.

आणि एक विनंती सगळ्या नागपूरकरांना. महाराजबागेत किंवा सीताबर्डीच्या बाजारात गोऱ्या आईवडिलांबरोबर सावळे मूल दिसले, तर थांबून टक लावून पाहू नये, “कुठून आणलं?” असे विचारू नये, आणि मुलाच्या देखत त्याच्या ‘नशिबा’विषयी तर मुळीच बोलू नये, कारण मूल मराठी समजत असते आणि ती त्याने इथे ऐकलेली शेवटची वाक्ये असू शकतात. फोटो काढून ते मोबाइलवर पसरवणे तर गुन्हाच आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बालन्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई केली असून त्यासाठी तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे.

मूल गेल्यावर त्याच्या देशातली संस्था दोन वर्षे पाठपुरावा करते आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवते. हे अहवाल इथल्या फाइलीत जमा होतात. ते मावशींना मराठीत वाचून दाखवले जावेत, सोबतचे फोटो त्यांना पाहायला मिळावेत, असे मला मनापासून वाटते, कारण दुरावा फक्त मुलाच्याच वाट्याला आलेला नसतो, आणि मावशींच्या दुःखाची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

ज्यांचे मुलगे, मुली, भावंडे परदेशात आहेत आणि दत्तकाचा विचार करत आहेत, त्यांनी नोंदणी तिथल्या अधिकृत संस्थेमार्फतच करायची असते, हे त्यांना कळवावे. इथल्या कोणाही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. प्रक्रियेची माहिती नागपूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि ‘कारा’च्या संकेतस्थळावर मिळते. नमस्कार.