बावीस दात्यांची सायकल

मंडळी, सायकल घेऊन मंचावर आलेला वक्ता तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल. संयोजक म्हणाले, जिन्याखाली लावा. पण तिच्याशिवाय मी बोलणार काय? म्हणून ही इथे स्टँडवर उभी आहे. काळी, दांडीची, २८ इंची, रॉड ब्रेकची. दीड हजाराला सेकंडहँड घेतली. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी अशाच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, हाफ पेडल मारत गुडघे फोडून घेतले असतील.

स्वस्त सायकल आपल्याला हवी तशी कशी करून घ्यावी, यावर मला बोलायला सांगितलंय. माझं म्हणणं एवढंच की पहिला महिनाभर काही करू नका, नुसती चालवा. कुठे दुखतं, कुठे वाजतं, कुठे घसरतं ते कळू द्या. मी स्वतः हे पाळलं नव्हतं. सायकल आणली त्याच आठवड्यात पणजीहून रंगीत मुठी, आरसा, बाटलीचा स्टँड असं सगळं आणलं. आरसा इतका थरथरायचा की मागून येणारी एक बस मला तीन दिसायची. आता तो घरी आहे, दाढीच्या कामाला.

कामाची सायकल पाहायची तर आपल्या गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची पाहावी. सकाळी त्याचा ‘पों पों’ ऐकला की आपण पावासाठी धावतो, पण नजर उंड्यांवर, त्या गोल पावांवर असते, सायकलीवर नसते. उद्या जरा निरखून बघा. मागे कॅरिअरवर बांबूची रुंद टोपली, वर निळं प्लास्टिक. पाव आकाराने मोठा, वजनाने हलका, म्हणून टोपली एवढी पसरट असली तरी चालते. भोंगा रबरी फुग्याचा, हाताशीच. स्टँड दोन पायांचा, मागचं चाक उचलून धरणारा. एका पायाच्या तिरक्या स्टँडवर ही सायकल लावली, तर निम्मे पाव रस्त्यावर येतील.

आता माझी तक्रार सांगतो. मी राहतो म्हार्दोळला आणि काम असतं फोंड्याला. मध्ये फर्मागुडीचा चढ. महिनाभर रोज अर्ध्या चढावर उतरून सायकल ढकलत नेली. मग एका रविवारी दाते मोजले. पुढे पेडलच्या दातेरी चक्राला, म्हणजे चेनव्हीलला ४४, मागच्या चाकाच्या चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला १८. म्हणजे पेडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाणार. सपाटीला ठीक आहे, पण फर्मागुडीला माझ्या वयाच्या गुडघ्यांनी एवढं का उचलावं? मेस्त्रीला म्हटलं, मागे २२ चं घाल. तो हसला. म्हणाला, ‘काका, लोक वेग वाढवायला येतात.’ पण घातलं. चेन दोन कड्यांनी वाढवावी लागली. आता पेडलच्या एका फेऱ्याला साडेचार मीटरच्या आसपास जातो. सपाटीवर मिनिटाला साठ फेरे मारले, तर पूर्वी ताशी साडेएकोणीस किलोमीटर व्हायचे, आता सोळा होतात. त्या साडेतीन किलोमीटरांच्या बदल्यात मी चढ बसून चढतो. गिअरची सायकल घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचंही बरोबर असेल, पण माझं काम एका फ्रीव्हीलमध्ये झालं.

चढ सुटला तेव्हा उतार समोर आला. जूनमधला पहिला पाऊस, तोच रस्ता, तोंड म्हार्दोळकडे. दोन्ही ब्रेक आवळले आणि सायकल काही ऐकेचना. शेवटी गवतात घातली, म्हणून आज इथे उभा आहे. चूक माझीच. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबरी गुटके नुसते घसरतात, त्यातून माझे गुटके जुने, दगडासारखे कडक झालेले. नवे मऊ गुटके बसवले आणि एक सवय लावून घेतली: पावसात उतार यायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच टेकवून ठेवायचे, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. वेगही मुळात कमी ठेवायचा. या दुसऱ्या गोष्टीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती कोणी ऐकत नाही.

गंजाचं काय, हे तुम्ही विचारणारच. आपल्याकडे पाऊस आणि खारा वारा दोन्ही आहेत. पाणी सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि पेडलच्या एक्सलपाशी साठतं. तिथले छर्रे आधी जातात. मी खालून एक बारीक भोक पाडून घेतलंय. हे बघा, टाचणीएवढं असेल. रायबंदरच्या फेरीबोटीतून दिवाडीला जाऊन आलो की घरी फडकं मारायचं, चेनला तेल द्यायचं. आणि जुनी ट्यूब टाकू नका. तिच्या पट्ट्या कापल्या की कॅरिअरवर काहीही बांधता येतं. एकदा मी फणस आणलाय, पूर्ण पिकलेला. घरी पोचेपर्यंत माशा बरोबर होत्या.

सीटची उंची किती, हे आत्ताच विचारलं कुणीतरी. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. तोंडी सांगून नाही समजणार. दोघंजण पुढे या, एक सायकल धरा, एक बसा. पाना माझ्याकडे आहे. हात काळे होतील, पांढरा सदरा घातलेल्यांनी मागेच थांबा.