खेळ शिकवतो, की खेळवणारा?

श्रोतेहो, नमस्कार.

“मैदानावर माणूस घडतो” हे वाक्य बक्षीस समारंभात आपण इतक्यांदा ऐकलंय की, त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. संशोधकांनी मात्र तो मागितला. त्यांच्या हाती जे लागलं ते समारंभातल्या भाषणाइतकं सरसकट नाही. मुलांना खेळाच्या क्लासला किंवा साहस शिबिराला घालायचा विचार ज्यांच्या घरात चालू असेल, त्यांच्यासाठी त्यातलं थोडं आज सांगतो.

आधी शिबिरं. १९४१ साली, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या ॲबरडोव्ही या समुद्रकाठच्या गावी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज व्यवसायातले लॉरेन्स होल्ट यांचा हा उद्योग. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं की कसलेले जुने खलाशी तग धरतात आणि तरणीबांड पोरं हाय खातात, असं होल्ट यांचं म्हणणं. मग पोरांना शिडाची होडी, डोंगर आणि बचावाचं काम यांतून तावूनसुलाखून काढायचं ठरलं. हा नमुना पुढे जगभर गेला.

त्याचा उपयोग होतो का? १९९७ मध्ये शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साहस कार्यक्रमांवरचे ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम निघाला ०.३४. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे असलेलं मूल अंदाजे तेरा जागा पुढे सरकतं. चमत्कार नव्हे, पण नगण्यही नाही. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या आकड्याची. काही काळानं पुन्हा मोजलं तेव्हा परिणाम ओसरला तर नव्हताच, उलट त्यात ०.१७ ची भर पडली होती. शिक्षणातले कितीतरी उपक्रम संपले की त्यांचा असर विरत जातो, इथे तसं झालं नाही. शिवाय वीस दिवसांहून मोठ्या कार्यक्रमांचा गुण अधिक दिसला. मात्र एका कार्यक्रमात नि दुसऱ्यात फरक खूपच होता, आणि बरीचशी मोजणी मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून झालेली. शेवटच्या दिवशी, गळ्यात गळे घालून निरोप घेताना, “तुझा आत्मविश्वास वाढला का?” असं विचारलं तर नाही कोण म्हणेल?

ही अडचण मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी वेगळ्या वाटेनं सोडवली. किशोरवयीन मुलांजवळ पेजर दिले. तो दिवसभरात कधीही वाजायचा, आणि वाजला की मुलानं त्या क्षणी काय चाललंय, त्यात लक्ष किती आहे, मन किती आहे, हे लिहायचं. वर्गात लक्ष होतं, मन नव्हतं. मित्रांबरोबर मन होतं, पण लक्ष फारसं नव्हतं. खेळ, कला, छंद अशा स्वतः निवडलेल्या, पण शिस्तीच्या कामात दोन्ही एकत्र सापडली. स्वतःहून एखादी गोष्ट धरून तडीस नेण्याची सवय इथे लागू शकते, असं लार्सन यांनी २००० साली मांडलं.

‘लागू शकते’ म्हणतोय मी, कारण पुढचं सगळं खेळवणाऱ्यावर आहे. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचे निरीक्षक मैदानाकडेला बसून प्रशिक्षकाची एकेक कृती टिपायचे. चांगल्या फटक्यावर शाबासकी दिली की गप्प राहिला? चूक झाल्यावर धीर दिला, नीट कसं करायचं ते दाखवलं, की खेकसला? नंतर प्रशिक्षकांनाच विचारलं, तुम्ही कसे वागता? त्यांची उत्तरं आणि निरीक्षकांच्या नोंदी यांचा फारसा मेळ बसेना. मुलांनी केलेलं वर्णन मात्र जास्त अचूक निघालं! आणि प्रशिक्षक मुलांना आवडतो की नाही, याचा संघाच्या हारजितीशी जवळजवळ संबंध नव्हता.

मग त्यांनी काही प्रशिक्षकांसाठी अडीच तासांची कार्यशाळा घेतली. चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकल्यावर आधी धीर द्या मग सुधारणा सांगा, अपमान करू नका. एवढंच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कार्यशाळा न केलेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आलीच नाहीत. कार्यशाळा केलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. आधीच्या एका प्रयोगात असंही दिसलं होतं की, स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांना अशा प्रशिक्षकाचा सर्वांत जास्त फायदा होतो. म्हणजे, “हा काही खेळाडू नाही” म्हणून आपण ज्याला सोडून देतो, नेमका तोच.

तेव्हा शिबिराचं माहितीपत्रक हातात आलं की दोरावर लोंबकळणाऱ्या मुलांचे फोटो बाजूला ठेवा आणि विचारा: एका प्रशिक्षकामागे मुलं किती? दिवसअखेर गट एकत्र बसतो का, आणि बसला तर बोलतं कोण? एखाद्यानं घाबरून “आज नको” म्हटलं तर काय करता? क्लासच्या बाबतीत तर विचारायचीही गरज नाही. कुंपणाबाहेर अर्धा तास उभे राहा. ज्याच्या हातून कॅच सुटला, त्याच्या कानावर पुढचं वाक्य कोणतं पडतं, तेवढं ऐका.

नमस्कार.