नवा सेमी-हॉलो बास : हाताला काय कळलं, कानाला काय कळलं

मित्रहो, हा सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ बॉडीचा, बास गिटार माझ्याकडे नुकताच आला आहे, त्यामुळे आजचं बोलणं पहिल्या ओळखीचं आहे. पण या जातीच्या वाद्याबद्दलचा एक समज फार जुना आहे आणि मला आज त्याच्याशीच भिडायचं आहे. बॉडी पोकळ, म्हणून आवाज भरदार, असा तो समज.

आधी अँपशिवाय, म्हणजे अँप्लिफायर न लावता, ऐका. मागच्या रांगेपर्यंत पोचलं ना? सॉलिड, म्हणजे भरीव, बॉडीचा बास एवढ्या मोठ्या खोलीत असा ऐकूच येत नाही. आपले कान तंबोऱ्यावर तयार झालेले. मिरजेचा तंबोरा घ्या : तारेचं कंपन घोडीवरून तबलीत, म्हणजे वरच्या लाकडी पडद्यात, तबलीतून भोपळ्यात, आणि तिथून आपल्यापर्यंत. म्हणून पोकळी दिसली की घुमारा तिथलाच, असं आपण धरून चालतो. इलेक्ट्रिक बासमध्ये मात्र आवाजाचा रस्ता वेगळा आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत वीज उमटते. पोकळीतल्या हवेशी तिचा थेट संबंध नाही.

मग अँपमधून येणारा तो गोल, जाड खर्ज कुणाचा? माझ्या मते मोठं श्रेय तारेच्या लांबीला आहे. गिब्सन या गिटार कंपनीने १९५८मध्ये ईएस-३३५ या सेमी-हॉलो गिटारच्या जोडीला ईबी-२ हा बास काढला, त्याच्या वाजणाऱ्या तारेची लांबी ३०.५ इंच. माझ्या बासचीही तीच. फेंडर कंपनीचा प्रिसिजन हा सॉलिड बॉडीचा बास १९५१पासून ३४ इंचांचा. त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर इथे ताण जवळजवळ २० टक्क्यांनी कमी पडतो. बोटांना हे पहिल्या मिनिटातच कळतं. तार मऊ लागते, आणि जोरात ओढली तर स्वर क्षणभर चढा निघून मग जागेवर येतो. सगळ्यात खालच्या तारेवर, म्हणजे ४१ हर्ट्झच्या ईवर, हे जास्त जाणवतं. ३४ इंची बासवर घडलेला माझा उजवा हात इथे निम्म्या जोराने चालवावा लागतो, आणि तसा चालवला की आवाज खरोखर सुंदर उमलतो. डाव्या हाताचंही तसंच. नटपासून, म्हणजे तार जिथून सुरू होते त्या वरच्या पट्टीपासून, पहिला फ्रेट, म्हणजे स्वराची पहिली आडवी पट्टी, ३४ इंची बासवर साधारण ४८.५ मिलिमीटरवर असतो, इथे ४३.५ मिलिमीटरवर. लहान हातांच्या मुलामुलींना बास शिकवणाऱ्यांनी या पाच मिलिमीटरांचा जरूर विचार करावा. सुरुवातीला लांब बास हातात देऊन मुलांची मनगटं दुखवण्यात काहीच शहाणपण नाही.

दुसरं श्रेय पिकअपचं आणि त्याच्या जागेचं. ईबी-२ला एकच पिकअप होता आणि तो नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाशी. तिथे तारेचा झोका मोठा, त्यामुळे मूळ स्वर भरपूर आणि त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर त्यामानाने कमी. आता याच्या शेजारी गिल्ड कंपनीचा स्टारफायर बास ठेवा. हाही सेमी-हॉलो, १९६५च्या सुमाराचा, लांबी साधारण तेवढीच. पण त्यावर स्वीडनच्या हॅगस्ट्रॉम कंपनीचे, वेगळ्या जातीचे पिकअप होते. सॅन फ्रान्सिस्कोत जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडच्या जॅक कॅसडीने आणि ग्रेटफुल डेड या बँडच्या फिल लेशने त्यातून किती मोकळा, स्पष्ट बास काढला! पोकळी दोन्हीकडे आहे, आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पोकळी काहीच करत नाही, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. या बासच्या मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडाचा ठोकळा आहे, पोकळी फक्त दोन्ही कडांना. ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, त्या ठोकळ्यात बसवलेला, त्यामुळे तारेची आस, म्हणजे छेडल्यानंतर रेंगाळणारा स्वर, टिकते. बीटल्सच्या पॉल मॅककार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला हॉफनर बास आतून पूर्ण पोकळ, मधे ठोकळा नाही. त्याचा स्वर चटकन उठतो आणि लवकर विझतो. माझा बास सॉलिड बास आणि हा हॉफनर या दोन टोकांच्या मधे बसतो. तार आपली थोडी शक्ती वरच्या पातळ लाकडाला देऊन टाकते, म्हणून आघाताची धार किंचित बोथट होते. आणि वाजवणाऱ्याला तर पोकळी साक्षात भेटते. बरगड्यांना लागून बॉडी थरथरते, प्रत्येक स्वर अंगाला कळतो. श्रोत्यांना यातलं काही ऐकू येत नसेल, पण त्या थरथरीमुळे मी कमी स्वर वाजवतो आणि प्रत्येकाला पूर्ण वेळ देतो. तो बदल श्रोत्यांना नक्की ऐकू येतो.

त्रासही आहेत. बॉडी हलकी, त्यामुळे हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते; आतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा लावला की बरंच निभावतं. फीडबॅक हा मोठा त्रास. स्पीकरचा आवाज बॉडी हलवतो, बॉडी तार हलवते, तार पुन्हा स्पीकरला खाद्य पुरवते. मधला ठोकळा हे चक्र आवरतो, पण मोठ्या आवाजात पूर्ण थांबवत नाही.

म्हणून असा बास घ्यायचा असेल, तर दुकानात तो अँपशिवाय वाजवून भुलू नका. कार्यक्रमात असतो तेवढा आवाज ठेवा, स्पीकरसमोर उभे राहा आणि ई तारेवर एकेक फ्रेट वर चढत जा. कुठला स्वर अचानक फुगतो ते बघा. अँपवर खालच्या स्वरांचा पट्टा थोडा कमी करून किंवा दोन पावलं बाजूला सरकून तो आवरला, तर बास खुशाल घ्या.